डावा कोपरा

"ह्या वेळी माणूस बरोबर मिळालाय, ताई."

दादांनी हे वाक्य म्हटलं की आम्ही ओळखायचो, कॉलेजच्या कबड्डी संघाला नवा कोच आला. म्हणताना ते हेडफोन एका कानावरून मागं सरकवायचे आणि दोन्ही तळहात एकमेकांवर घासायचे, ताट समोर आल्यावर भुकेला माणूस घासतो तसे. मग बोर्डावर दिवा लागायचा, हेडफोन जागेवर जायचा आणि दादा आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणायचे, "भिवंडी ट्रंक. बोला."

त्या वेळी भिवंडीहून बाहेरगावी फोन लावायचा तर आमच्याकडे नंबर नोंदवावा लागे. यंत्रमागवाल्या शेठ लोकांना दिवसभर सुरत हवं असायचं, मालेगाव हवं असायचं. आम्ही सात-आठ बायका आणि एक दादा, हातात दोऱ्या घेऊन एका गावाचा आवाज दुसऱ्या गावाला जोडत बसायचो. दादा सगळ्यांत जुने. मी नवीन लागले तेव्हा कुठली दोरी कुठं खोचायची हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांचं नाव हजेरीपुरतं. साहेबसुद्धा त्यांना दादाच म्हणायचे.

तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल. कामाला चोख, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि आत कुठंतरी एकच वेड. दादांचं वेड म्हणजे त्या कॉलेजचा संघ. गंमत अशी की त्या कॉलेजात ते एक दिवसही शिकले नव्हते. वडील गेले म्हणून मॅट्रिकनंतर शाळा संपली आणि नोकरी लागली. पण टेमघरला घरी जाताना वाटेत कॉलेजचं मैदान लागायचं. एकदा सायकल थांबवून कुंपणापलीकडचा खेळ बघत उभे राहिले, ते पुढं वर्षानुवर्षं संध्याकाळी तिथंच उभे राहिले.

संघ मात्र हरायचा. विद्यापीठाच्या स्पर्धेत जायचा आणि पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत घरी यायचा. दर वेळी कोच बदलायचा आणि दर वेळी दादा हात घासायचे.

एक कोच इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांना धुळीचा त्रास. नाकाला रुमाल लावून ते लांबून 'बक अप' म्हणायचे. दादा म्हणाले, "शिकलेला माणूस आहे, डोकं वापरील." दुसरे पोलिसातून निवृत्त झालेले. त्यांनी सामन्याच्या दिवशी सकाळी मुलांना इतकं पळवलं की दुपारी चढाईला जाताना कुणाच्या छातीत दमच उरला नाही. दादा म्हणाले, "पण पोरांना शिस्त लागली, हे काय कमी आहे?" तिसरे सामन्याआधी मुहूर्त बघायचे आणि कुठल्या बाजूनं मैदानात उतरायचं ते पंचांगावरून ठरवायचे. बाबासाहेबांचा फोटो खिशात बाळगणारे दादा त्यावर बराच वेळ गप्प राहिले. शेवटी म्हणाले, "उत्साह आहे माणसात."

आम्ही हसायचो. तेही हसायचे. पण सामन्याच्या दिवशी हसणं बंद. बाहेरगावी सामना असला आणि रजा मिळाली नाही की दादा तिथल्या एक्स्चेंजच्या ऑपरेटरला धरायचे. "पालघर, तुमच्या मागच्या मैदानात काय चाललंय? जरा एखाद्या शिपायाला पाठवा की." पालघरची ऑपरेटर कधी पाहिलेलीही नाही, पण तिला भिवंडीचे सातही खेळाडू नावानं माहीत झालेले. एकदा एका शेठला सुरत हवं होतं, अर्जंट. दादा अगदी नम्रपणे म्हणाले, "शेठ, एक मिनिट. पालघरला आपले सगळे बाद, लोण पडतोय." शेठ बिचारा विचारतो, "कितने का नुकसान हुआ?" आमच्या खोलीत दिवसभर दुसरं बोलणं नव्हतं.

मग भोईर सर आले.

सर म्हणायचं ते कॉलेजात होते म्हणून. माणूस दिघाशीचा, शेतकऱ्याचा. तरुणपणी मुंबईच्या एका गिरणीच्या संघातून खेळलेला. नाव झालं होतं. गिरण्या बंद पडल्या तसा गावी परतला, एक गुडघा कायमचा अधू घेऊन. कॉलेजनं त्याला संध्याकाळपुरतं कोच म्हणून घेतलं. अंगात पांढरा सदरा, पायात टायरच्या चपला.

दादांनी ह्या वेळी ते वाक्य म्हटलं नाही. आठवडाभर गप्प होते. मग एका संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर मला म्हणाले, "ताई, जरा येता का मैदानावर? मला बरोबर दिसतंय की मी उगाच खूश होतोय, ते सांगा."

मला कबड्डीतलं काय कळणार? तरी गेले. मैदानात मुलं खेळत नव्हतीच. सगळी जण कुदळीनं माती सैल करत होती. खडे वेचत होती. भोईर सर पाणी शिंपडत होते.

दादांनी कुंपणावरून विचारलं, "सर, खेळ कधी सुरू करायचा?"

"ह्यो खेळच हाय," सर म्हणाले. "माती मऊ नसंल तं पोरगा पडाया भितो. पडाया भ्यायला का पकड कशी करंल? पयली माती, मंग पोरां."

दादा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं होतं. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला आपली गाडी लांबून दिसावी तसं.

"बरोबर दिसतंय," मी म्हणाले.

पुढचे कित्येक दिवस भोईर सरांनी मुलांना एकच गोष्ट शिकवली. थांबायला. चढाई करणारा समोर नाचतो, हूल देतो, पाय पुढं टाकतो. झेप घ्यायची नाही. तो परत फिरला, त्याचं अंग मध्यरेषेकडं झुकलं, की मग घोटा धरायचा. "घाई केली का गेला," सर म्हणायचे. दादा दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीत हे सगळं करून दाखवायचे. खुर्चीवर बसून, दोन दोऱ्या हातात, पाय वाकडे. आमची सुपरवायझर बाई दारातून आत आली की दादा त्याच अवस्थेत "भिवंडी ट्रंक, बोला" म्हणायचे.

ह्या संघात दादांचा मुलगा होता, हे मला फार उशिरा कळलं.

मिलिंद त्याचं नाव. डबा घेऊन कधीकधी एक्स्चेंजवर यायचा. उंच, सावळा, कमी बोलणारा. वडिलांसारखाच लाजाळू, पण रागाला पक्का. तो कॉलेजात गेला तेव्हा त्यांच्या घरातला कॉलेजात जाणारा पहिला. त्याच वर्षी संघात आला. दादा कौतुक करायचे, पण त्याचं नाव कधी घ्यायचे नाहीत. "काल डावा कोपरा चांगला खेळला," असं म्हणायचे. बरेच महिने मला वाटे, डावा कोपरा म्हणजे मैदानाची जागा. हो, जागाच असते ती. पण दादांच्या तोंडी तो मुलगा होता.

वहिनी एकदा मला म्हणाल्या, "ह्यांना घरी विचारा, पोरगा कितव्या वर्षाला आहे, सांगता यायचं नाही. पण त्यानं काल किती पकडी केल्या ते झोपेत सांगतील."

स्पर्धेला थोडे दिवस राहिले आणि भोईर सरांनी सात जणांची नावं सांगितली. त्यात मिलिंद नव्हता. तो राखीव खेळाडूंत गेला. डाव्या कोपऱ्यात इरफान नावाचा मुलगा आला. सकाळी मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून कॉलेजला येणारा, अंगानं बारीक, पण पाण्यासारखा शांत.

त्या दिवशी दादांनी नाशिक मागणाऱ्या माणसाला चुकून इचलकरंजी जोडून दिलं. दोघं बराच वेळ एकमेकांशी भांडत राहिले तेव्हा कुठं लक्षात आलं.

"बोला की सरांशी," मी म्हटलं.

"काय बोलू? मी रोज बघतो, ताई. मिलिंद घाई करतो. समोरच्यानं पाय हलवला की हा उडी घेतो. इरफान थांबतो." मग जरा वेळानं, "बापानं बोलायचं की बघणाऱ्यानं, तेच कळत नाही."

मिलिंद सरावाला जात राहिला. पण त्या घरातलं बोलणं आटलं. बाप संध्याकाळी कुंपणापाशी उभा, मुलगा आत कडेला बसलेला, आणि दोघं वेगवेगळ्या वाटेनं घरी.

इथंच गोष्ट थांबली असती तरी चाललं असतं. पण कॉलेजच्या समितीवर एक गृहस्थ होते, त्यांना आपला भाचा कोच म्हणून आणायचा होता. भोईर सरांना काढायला त्यांना कारण हवं होतं. ते एका सकाळी गाडी घेऊन दादांच्या घरी आले. ह्यापूर्वी त्या वस्तीत त्यांची गाडी निवडणुकीशिवाय कधी शिरलेली नव्हती.

म्हणाले, "तुमच्या मुलाला जातीवरून वगळलं. तुम्ही बैठकीत एवढंच सांगा, बाकी आम्ही बघतो."

मिलिंद तिथंच होता. त्यानं वडिलांकडे पाहिलं. वहिनी मला म्हणाल्या, लहानपणी जत्रेत काही हवं असलं की तो असाच बघायचा.

बैठक मी पाहिली नाही. दादांनी सांगितली, आणि पुढं भोईर सरांनीही सांगितली. दोघांच्या सांगण्यात काही फरक नव्हता. प्राचार्यांच्या खोलीत सगळे बसले होते. भोईर सर दाराजवळ उभे. मिलिंद आणि चार मुलं बाहेर व्हरांड्यात. त्या गृहस्थांनी प्रस्तावना केली आणि दादांना म्हणाले, "बोला, घाबरू नका. तुमच्यावर अन्याय झालाय."

दादा उभे राहिले. म्हणाले, "अन्याय कसा असतो ते मला माहीत आहे, साहेब. आमच्या आईला विहिरीवर ताटकळत ठेवायचे, ते मी तिच्या पदराला धरून बघितलंय. नोकरीला लागलो तेव्हा माझा पेला वेगळा ठेवायचे, तोही अन्याय. तो शब्द आमच्यासाठी फार महागाचा आहे. तुमच्या भाच्यासाठी मी तो वापरणार नाही."



दादा तेवढ्यावरच खाली बसले असते तर. पण प्राचार्यांनी विचारलं, "मग तुमच्या मुलाला वगळलं ते योग्य, असं तुमचं म्हणणं आहे?"

आणि दादा म्हणाले, "हो. मिलिंद अजून कच्चा आहे. डाव्या कोपऱ्याला तो पुरा पडणार नाही."

व्हरांड्याची खिडकी उघडी होती.

भोईर सर राहिले. दादा बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात चारच मुलं होती.

मिलिंदनं घरात भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. तो दोन दिवस जेवला, झोपला, उठला आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरून वहिनींना म्हणाला, "सुरतेला मामाच्या ओळखीत काम आहे. जातो." वहिनींनी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "आई, बाहेरच्या लोकांनी कच्चा म्हटलं असतं तर मी पक्का होऊन दाखवलं असतं. आता कुणाला दाखवू?"

दादा मोरीत दाढी करत होते. त्यांनी ऐकलं. बाहेर आले तोवर तो गल्लीच्या टोकाला गेला होता. अर्ध्या गालाला साबण तसाच. त्यांनी हाक मारली नाही. का मारली नाही, हे मी त्यांना पुढं कधी विचारू शकले नाही, आणि वहिनींनी रोज विचारलं.

"खरं बोललात ते बोललात," त्या म्हणायच्या. "पण सगळ्यांच्या देखत बोलायची काय गरज होती? घरी सांगायचं होतं त्याला. जवळ बसवून सांगायचं होतं."

  मी इतक्या वर्षांत किती वेळा त्या खोलीत दादांच्या जागी उभी राहून बघितलं. पहिलं वाक्य मलाही बोलता येतं. दुसऱ्या वाक्यापाशी मी अडते.

संघ त्या वर्षी जिंकत गेला. पहिली फेरी, दुसरी, उपांत्य. शहरात लोक बोलायला लागले. पानवाले, रिक्षावाले, मागावरची माणसं कामाची पाळी बदलून सामने बघायला जायला लागली. अंतिम सामना ठाण्याला होता. दादांनी रजा काढली आणि मला बरोबर नेलं. मला वाटतं, एकटं जायची त्यांना भीती वाटत होती.

शेवटच्या मिनिटाला आपण एका गुणानं पुढं. समोरच्यांचा सगळ्यात तगडा गडी चढाईला आला. तो डाव्या बाजूला सरकला. इरफाननं हालचाल केली नाही. त्या गड्यानं पाय पुढं टाकला, मागं घेतला, हूल दिली. इरफान तसाच. भोवती लोक ओरडत होते, "पकड, पकड!" आणि मी शेजारी पाहिलं तर दादा डोळे मिटून पुटपुटत होते, "थांब. थांब. थांब रे."

तो गडी परत फिरला. इरफाननं घोटा धरला. बाकीचे सगळे त्याच्यावर पडले. शिट्टी झाली.

भोईर सरांना मुलांनी उचललं. लोकांनी टोप्या उडवल्या. एक अनोळखी म्हातारा दादांच्या गळ्यात पडून रडत होता. ज्या क्षणासाठी दादांचं अर्धं आयुष्य कुंपणाला टेकून गेलं, तो हाच. मी वाट बघत होते की ते आता हात घासतील, ओरडतील, निदान हसतील. ते गर्दीतून वाट काढत इरफानकडे गेले. त्याच्या केसांत माती होती, ती त्यांनी झटकली. नुसती झटकत राहिले. पोरगा म्हणाला, "चाचा, बस, साफ हो गया." तेव्हा हात थांबला.

परतताना एसटीत ते एकच वाक्य बोलले. "त्यानं पेपरात वाचलं तर असेल ना?"

दोन दिवसांनी भोईर सर जिंकलेली ढाल घेऊन दादांच्या घरी आले. त्या दिवशी मी तिथंच होते. वहिनींनी चहा ठेवला, पण त्या बाहेर आल्या नाहीत. सरांनी ढाल जमिनीवर ठेवली.

"दादा, ही तुमची. तुमी त्या दिशी बोललाव नसता तं मी न्हवतो."

दादा ढालीकडे बघत होते.

सर जरा घुटमळले. म्हणाले, "मिलिंदचा ठाव लागला का? त्याला बलवा. पुढल्या वर्साला माजा डावा कोपरा तोच व्हता. इरफानचं शेवटचं वर्स. पोरगा चांगला हाय, नुस्ती घाई. एक वर्स बसवला असता तं निवला असता."

आत कपबशी वाजली आणि थांबली.

दादांनी हळूच विचारलं, "हे त्याला सांगितलं होतंत, सर?"

"न्हाय. सांगितलं असतं तं सरावाला ढिला पडला असता."

 मग दादा म्हणाले, "तुम्ही कोच. तुमचं बरोबर असेल." आणि उठून मोरीकडे गेले. नळ चालू झाला. तो चांगला वेळ चालू राहिला.

वहिनी दारात आल्या होत्या. त्या भोईर सरांना म्हणाल्या, "दोघं मिळून सांभाळायला निघालात माझ्या पोराला. एकानं तरी त्याच्याशी बोलायचं होतं." सरांनी चहा तसाच ठेवला. जाताना लंगडणं नेहमीपेक्षा जास्त वाटलं.

मिलिंद ज्या कपड्याच्या दुकानात होता तिथला नंबर वहिनींनी मिळवला होता. आमच्या बोर्डावरून दिवसातून चाळीसदा सुरत लागायचं. त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या व्यापाऱ्याला दादा स्वतः जोडून द्यायचे. पण तो एक नंबर त्यांनी कधी मागितला नाही. एका दुपारी बोर्ड शांत होता. मी दादांना म्हटलं, "लावते मी. बोला." ते नको म्हणाले नाहीत.

सुरतच्या ऑपरेटरनं जोडून दिलं. पलीकडे उचललं गेलं. "हॅलो, कौन?" मिलिंदच होता. मी दादांना खूण केली.

दादा, ज्यांनी हजारो माणसांना 'बोला' म्हटलं, त्यांना शब्द फुटेना. शेवटी म्हणाले, "मिलिंद... जेवलास का?"

पलीकडे श्वास ऐकू येत होता. माझ्या कानाला हेडफोन तसाच होता, काढायचं सुचलंच नाही. मग तो मराठीतच म्हणाला, "राँग नंबर लागलाय तुमचा." आणि ठेवून दिला.

मी मान वर करायला धजत नव्हते. दादांनी दोरी काढली, नीट जागेवर ठेवली. म्हणाले, "आवाज बरा आहे त्याचा. सर्दी वगैरे नाही."

पुढच्या वर्षी त्या समितीवरच्या गृहस्थांनी भोईर सरांना काढलंच. कारण द्यावं लागलं नाही. मानधनाची मुदत संपली म्हणाले. भाचा आला. संघ पहिल्या फेरीत हरला. आमच्यातली एक जण सवयीनं म्हणाली, "काय दादा, नवा माणूस कसा आहे?" दादा म्हणाले, "मी बघितला नाही." ते आता दुसऱ्या रस्त्यानं घरी जात होते. तो रस्ता लांबचा होता आणि खड्ड्यांचा.

काही वर्षांनी, नव्वद साल उलटून गेल्यावर, एका रविवारी दादा ड्युटीवर आले ते नवा पांढरा शर्ट घालून. घडीची रेघ स्पष्ट दिसत होती. केसांना तेल, नीट भांग. आम्ही चिडवलं, "काय दादा, आज कुठं?"

"कुठं नाही. घरी लग्न आहे."

"कुणाचं?"

"मिलिंदचं. सुरतेला. ही गेलीय." त्यांनी हेडफोन चढवला. "मला बोलावणं नव्हतं. म्हटलं, ड्युटी तरी नीट करावी."

दिवसभर ते नव्या शर्टात बसून लोकांना फोन जोडून देत राहिले. जेवायच्या सुट्टीत बाहेर जाऊन त्यांनी जिलबी आणली. सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवली. आम्ही खाल्ली. कशी खाल्ली ते विचारू नका.

पुढं नवं यंत्र आलं. लोक घरून, पिवळ्या पाटीच्या बूथवरून थेट फोन लावायला लागले. आमचा बोर्ड काढून नेला. आम्हाला तक्रारी लिहून घ्यायला बसवलं. दादा निवृत्त झाले. त्यांची शेवटची भेट अकलोलीला झाली. मी आईला गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेले होते, तर कडेला दादा पाय सोडून बसलेले. वहिनी शेजारी चिवड्याचा पुडा सोडत होत्या. दादा फार वाळले होते.

"गुडघे," ते म्हणाले. "उभं राहून राहून गेले."

इकडचं तिकडचं बोललो. निघताना म्हणाले, "मिलिंदला मुलगी झाली, ताई. हिनं बघितली. हात-पाय लांब आहेत म्हणते." मग पाण्याकडे बघत, "मी तेव्हा खोटं बोललो असतो तर चाललं असतं का हो? नाही, भोईरांचं वाईट झालं असतं. पण गप्प बसलो असतो तर? गप्प बसता आलं असतं." वहिनींनी चिवडा त्यांच्या हातावर ठेवला आणि त्यांची बोटं मिटली. "खा आता," म्हणाल्या. त्या आवाजात राग उरलेला नव्हता. तो कधी संपला, त्यांनाही ठाऊक नसेल.

पावसाळ्यानंतर दादा गेले. सकाळी चहा पिऊन भिंतीला टेकले, तेवढंच. सुरतेला फोन झाला. मिलिंद गाडी पकडून निघाला, पण वाटेत रस्ता अडला होता. तो पोचला तेव्हा सगळं आटोपून माणसं परत आली होती.

मी पाहिलं त्याला. अंगानं भरलेला, कानशिलापाशी पांढरे केस. घरात आला आणि उभाच राहिला, कुठं बसावं कळेना. भोईर सर दिघाशीहून आले होते. ते काठी टेकत उठले, त्याच्यापाशी गेले आणि काहीतरी बोलायला लागले. मिलिंदनं त्यांना मध्येच थांबवलं. "सर, आज नको," म्हणाला. "आज मला काही सांगू नका." आणि मग एवढा मोठा माणूस भोईर सरांच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या मोठ्यानं रडला की शेजारच्या कारखान्यातले मागवाले दारात येऊन उभे राहिले.

महिन्याभरात तो वहिनींना घेऊन गेला. निघताना वहिनींनी माझे दोन्ही हात हातात घेतले. घर विकलं गेलं.

मी त्या गल्लीतून क्वचितच जाते. मध्ये एकदा गेले तर भिंत पाडून दोन खोल्यांची एक केलेली, आत चार माग चाललेले. कानठळ्या बसवणारा आवाज. खिडकीच्या गजांवर कापसाची तुसं चिकटलेली. मी थांबले तसा एक कारागीर कपाळाचा घाम पुसत दारात आला.

"किसको ढूँढ रही हो, बहनजी?"

मी म्हटलं, "यहाँ एक जन रहते थे."

"होंगे," तो म्हणाला. "हम तो नये हैं." आणि त्याचा धागा तुटला असावा, कारण तो घाईनं आत वळला.